नातवाचा स्कॅनर मी कोथरूडहून कसा लावला

सकाळी साडेसातला मी चहा गाळत होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात केरीला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या माझ्या लेकीच्या गावी, आदल्या रात्रीचे दहा. नातवाने कॅमेऱ्यासमोर एक काळा, जाडजूड रेडिओ धरला. "आजी, बाबांनी सेकंडहँड स्कॅनर आणलाय. फायर ब्रिगेड, अँब्युलन्स सगळं ऐकू येतं म्हणे. पण हा नुसता पळत सुटतो. थांबला तर अर्धं वाक्य ऐकू येतं, आणि पुढे दुसरंच कोणीतरी बोलायला लागतं."

स्कॅनर म्हणजे एकामागून एक वारंवारता चाळत जाणारा आणि कोणी बोलत असेल तिथे थांबणारा रेडिओ. अर्धं वाक्य आणि पुढे दुसराच माणूस. मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

१९७८ साली मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. बाजीराव रस्त्याच्या टेलिफोन भवनाशी माझी अर्धी जिंदगी बांधलेली आहे. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेले, आम्हाला इतर टेबलांवर बसवलं. पण कानांना लागलेलं वळण गेलं नाही. मुलीकडे नॉर्थ कॅरोलायनात दोनदा सहा-सहा महिने राहून आले, तेव्हा जावयांबरोबर या स्कॅनरच्या खटपटीत पडले होते. आताचा हा स्कॅनर मात्र पूर्णपणे इथून, कोथरूडच्या जेवणाच्या टेबलावरून लावला. मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तिथे दुपारी खिडकीबाहेर बघत बसण्यापलीकडे काही करावंसं वाटत असेल, तर हे त्यांच्यासाठी.

या स्कॅनरवर जे ऐकायचं ते ट्रंक पद्धतीच्या रेडिओ यंत्रणेवर चालतं, म्हणून आधी ट्रंक म्हणजे काय ते नीट कळायला हवं. माझ्या आईला ट्रंक म्हटलं की लग्नात आलेली पत्र्याची पेटी आठवायची. खात्यात ट्रंक म्हणजे दोन एक्स्चेंजना जोडणारी सामायिक लाइन. लाइनी मोजक्या आणि बोलायचं असायचं शेकडो लोकांना. प्रत्येकाला स्वतंत्र लाइन द्यायची गरजही नसते, कारण सगळे काही एकाच मिनिटाला बोलत नाहीत. म्हणून मधे आम्ही. गिऱ्हाईक १८० फिरवून कॉल बुक करायचं, आम्ही तिकीट लिहायचो, लाइन मोकळी झाली की कॉर्ड खुपसायचो. तुम्हाला मघाशी तिसरी लाइन मिळाली म्हणून पुढच्या कॉललाही तिसरीच मिळेल असं अजिबात नाही. ऑर्डिनरीवाले ताटकळायचे, अर्जंटवाले आधी लागायचे आणि लाइटनिंग आला की सगळ्यांना बाजूला सारून तो.

अमेरिकेतली ट्रंक रेडिओ यंत्रणा हुबेहूब हेच करते, फक्त माझ्या जागी संगणक बसलाय. पोलीस, अग्निशमन दल, अँब्युलन्स, कधी पाणीपुरवठा आणि शाळेच्या बससुद्धा ठरावीक वारंवारतांचा एकच साठा वापरतात. ज्यांनी एकमेकांशी बोलायचं त्यांचा एक गट असतो, त्याला टॉकग्रुप म्हणतात, आणि प्रत्येक टॉकग्रुपला एक आकडा असतो. एक वारंवारता मात्र बोलण्यासाठी नसतेच. तिच्यावर चोवीस तास डेटा चालू असतो: अमुक टॉकग्रुप, तमुक वारंवारतेवर जा. हा कंट्रोल चॅनल. म्हणजे मीच. जवानाने बटण दाबलं की त्याचा सेट कंट्रोल चॅनलकडे मागणी नोंदवतो, मोकळी वारंवारता नेमून दिली जाते, त्या गटाचे सगळे सेट क्षणात तिकडे उडी मारतात. बोलणं संपलं की वारंवारता परत साठ्यात. त्याला कोणी उत्तर दिलं तर ते चौथ्याच वारंवारतेवर येऊ शकतं. साठ्यातल्या सगळ्या वारंवारता गुंतलेल्या असतील तर सेट टूं टूं करतो आणि रांगेत उभा राहतो. जिवावर बेतल्यावर दाबायचं बटण म्हणजे आमचा लाइटनिंग.

आता नातवाच्या तक्रारीचा उलगडा होईल. त्याचा स्कॅनर लाइनीवर कान लावून बसला होता. एका लाइनीवर आधी अँब्युलन्स, मग रस्ते खातं, मग आणखी कोणी. लाइन ऐकून काही कळत नाही, ऑपरेटरला ऐकायला हवं. स्कॅनरला कंट्रोल चॅनल दाखवून द्या आणि कोणते टॉकग्रुप हवेत ते सांगा, पाठलाग तो स्वतः करतो. बाकी सगळं या एका वाक्याचा तपशील आहे.

साध्या स्कॅनिंगचा अनुभव पुण्यात घ्यायचा तर गच्चीत एफएम रेडिओ घेऊन जा आणि स्कॅनचं बटण दाबा. ९१.१, ९३.५, ९८.३, १०१, विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४. प्रत्येक आकड्यावर ठरलेलंच स्टेशन. जुने पोलीस रेडिओ असेच होते. ट्रंक यंत्रणेत जणू दर वाक्याला विविध भारती जागा बदलते.

पण गच्चीतला प्रयोग एफएमवरच थांबवायचा. इथे मी जरा आवाज चढवणार आहे, कारण माझ्याच भिशीतल्या एकीने विचारलं, "मग आपल्या पुण्याच्या पोलिसांचं पण ऐकता येईल का गं?" नाही. पाषाण रस्त्यावर चव्हाणनगरला राज्य पोलिसांच्या बिनतारी विभागाचं मुख्यालय आहे, तिथून जाताना मनोरे बघावेत आणि पुढे जावं. दुसऱ्यासाठी असलेला संदेश बेकायदा अडवून ऐकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा १८८५ च्या तार कायद्याचा धाक होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परत येताना बॅगेत स्कॅनर घालून आणायचा मोहही नको, रेडिओ उपकरण देशात आणायला परवानगी लागते. यंत्र तिथेच राहू द्या. मी इथे बसून जे करते ते फक्त याद्या जुळवण्याचं काम, ऐकतो नातू.

तिथेही मोकाट रान नाही. घरात बसून खुले संदेश ऐकायला सर्वसाधारणपणे हरकत नसते, पण मोटारीत स्कॅनर ठेवण्यावर काही राज्यांत बंधनं आहेत. न्यूयॉर्क त्यांतलं एक. गाडीतून फिरायला निघताना त्या त्या राज्याचा नियम बघून घ्या. मोबाइल फोनचे पट्टे स्कॅनरमध्ये कारखान्यातूनच बंद असतात. आणि ऐकलेलं जगाला सांगत सुटायचं नाही, स्वतःच्या फायद्यासाठी वापरायचं नाही, असं तिथला १९३४ चा कम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट, कलम ७०५, सांगतो. मला हे वेगळं शिकावं लागलं नाही. बोर्डावर आम्हाला कॉल जोडताना कानावर काय काय पडायचं! लग्नं मोडलेली, जमिनी विकलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेले. हेडफोन काढला की ते तिथेच ठेवून जिना उतरायचा, हे पहिल्या आठवड्यात सुपरवायझर बाईंनी डोक्यात भरवलं होतं. नातवालाही पहिली अट हीच घातली: ऐकलेलं शाळेत नाही, व्हिडिओत नाही, कोणाच्या घरी अँब्युलन्स गेली हे शेजारी नाही.

यंत्र कोणतं घ्यायचं याबद्दल थोडक्यात. जावयांनी पूर्वी एक स्वस्तातला अ‍ॅनालॉग स्कॅनर घेतला होता. त्यावर एक सलग गर्रगर्र ऐकू यायची आणि ते म्हणायचे बिघडलाय. बिघडला नव्हता. गर्रगर्र म्हणजेच कंट्रोल चॅनलचा डेटा, त्या बिचाऱ्या यंत्राला त्याचा अर्थ लावता येत नव्हता. अमेरिकेतल्या पुष्कळशा सार्वजनिक सुरक्षा यंत्रणा आता प्रोजेक्ट २५ या डिजिटल मानकावर आहेत, बोलीभाषेत पी-२५. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एका वारंवारतेवर एक संभाषण, दुसऱ्यात वेळेचे तुकडे पाडून दोन. खोक्यावर 'पी-२५ फेज २' आणि 'ट्रंकिंग' हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत, त्याशिवाय पैसे मोजू नका. आमच्याकडे युनिडेनचा एसडीएस १०० आहे, हातात धरायचा. टेबलावर ठेवायचा त्याचा भाऊ एसडीएस २००. दोन्ही स्वस्त नाहीत, जावयांनी सेकंडहँड घेतला तो म्हणूनच.

सेकंडहँडचा तोटा लगेच कळला. आधीच्या मालकाच्या याद्या आत तशाच होत्या, आणि तो गृहस्थ कुठल्या भलत्याच गावचा असावा. स्कॅनर इमानदारीने तिथले टॉवर शोधत बसायचा. तर पहिलं काम, जुन्या सगळ्या फेव्हरेट लिस्टची, म्हणजे मालकाने निवडून ठेवलेल्या याद्यांची, टिक काढा. पुसायची घाई नको, नुसत्या बंद करा.

दुसरं काम, यंत्र शाबूत आहे का ते बघा. त्यासाठी ट्रंकच्या वाटेला जायचंच नाही. अमेरिकन हवामान खात्याचं रेडिओ प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात वारंवारतांवर चोवीस तास चालू असतं, साधं अ‍ॅनालॉग. सातांपैकी एखादी तरी बहुतेक ठिकाणी लागते. नातवाने ती लावली, यंत्री आवाजात वादळाचा अंदाज ऐकू आला आणि मला हायसं वाटलं. अँटेना, स्पीकर, बॅटरी ठीक. म्हणजे घोळ फक्त यादीत होता, आणि याद्या करण्यात माझी हयात गेली.

आता मुख्य भाग. लॅपटॉपवर युनिडेनचं सेंटिनल नावाचं मोफत सॉफ्टवेअर चढवा. विंडोज लागतं. उघडल्याबरोबर मास्टर डेटाबेस अपडेट करा, हे विसरलात तर दोन वर्षांपूर्वीच्या याद्यांवर डोकेफोड करत बसाल. या डेटाबेसची माहिती रेडिओरेफरन्स या संग्रहातून येते, तो हौशी लोक ऐकून ऐकून भरत असतात. स्कॅनर जोडलेला नसला तरी यादी तयार करता येते, म्हणून तर मला हे पुण्यातून जमलं.

स्कॅनरवर एक झटपट मार्गही आहे: पोस्टाचा झिप कोड टाका, तो आपोआप आसपासचं सगळं उघडतो. केरीचा २७५१३. मी कॉलवर सवयीने ४११०३८ सांगून गेले, पाच आकड्यांनंतर यंत्र अडलं आणि नातू खो खो हसत सुटला. झिपने सुरुवात होते, पण ती सगळ्या गावाचं लग्न एकाच मांडवात लावल्यासारखी. फेव्हरेट लिस्ट स्वतः बांधा.

डावीकडच्या झाडात देश, राज्य, मग काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) अशा फांद्या उघडत जा. नॉर्थ कॅरोलायनात राज्यभराची यंत्रणा आहे, तिचं नाव व्हायपर, चालवतात राज्याचे हायवे पेट्रोलवाले, आणि ती ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तुमच्या मुलांच्या गावी दुसरी असेल. आधी एवढंच ठरवा की त्यांच्या काउंटीतली अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवा कोणत्या यंत्रणेवर बोलते. कधी ती राज्याच्या यंत्रणेवर असते, कधी काउंटीची स्वतःची असते. चुकीची यंत्रणा निवडून तासन्‌तास शांतता ऐकणारे लोक असतात. मीही एक संध्याकाळ ऐकली आहे.

यंत्रणा सापडली की तिच्या पोटात दोन गोष्टी दिसतात: साइट आणि टॉकग्रुप. साइट म्हणजे टॉवर, किंवा एकत्र काम करणारा टॉवरांचा संच. टॉकग्रुप म्हणजे माणसं. हे दोन्ही पाहिजेत.

साइटच्या निवडीतच बहुतेक लोक फसतात. राज्यभराची यंत्रणा म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेले टॉवर. ते सगळे यादीत ओतले तर स्कॅनर प्रत्येकाचं दार ठोठावत बसतो आणि घराजवळचं बोलणं निसटतं. घराची साइट ठेवा, फार तर शेजारची एक. आणि जवळचा टॉवर तोच बरोबर असंही नाही. टॉवर तुमच्या अंगणात असला तरी तुम्हाला हव्या त्या गटातला एकही सेट त्या टॉवरवर नोंदलेला नसेल तर त्या गटाचं बोलणं तिथून निघणारच नाही. बोर्डावर नाशिकच्या लाइनीवर बसून कोल्हापूरचा कॉल ऐकू येईल का? म्हणून ज्या काउंटीचं ऐकायचं तिची साइट.

रेडिओरेफरन्सच्या संकेतस्थळावर साइटच्या वारंवारतांमध्ये काही लाल दिसतात, काही निळ्या, बाकीच्या काळ्या. लाल म्हणजे कंट्रोल चॅनल, निळ्या म्हणजे लागलीच तर कंट्रोलचं काम करू शकणाऱ्या. पी-२५ साठी हाताने भरायची वेळ आली तर लाल आणि निळ्याच भरा. काळ्या भरायची गरज नसते, कारण बोलण्याच्या वारंवारता कशा मोजायच्या हे कंट्रोल चॅनल स्वतःच सांगत असतो. जुन्या ईडॅक्स यंत्रणेत हे चालत नाही, तिथे सगळ्या वारंवारता आणि त्याही ठरल्या क्रमाने लागतात. पण डेटाबेसमधून यादी ओढलीत तर याची काळजी तुम्हाला नाही.

मग टॉकग्रुप. त्या संकेतस्थळावर त्यांचे आकडे दोन तऱ्हांनी छापलेले असतात, दशमान आणि हेक्साडेसिमल. आपला दशमान. आकड्याशेजारी एखादं इंग्रजी अक्षर असतं, त्याकडे दुर्लक्ष करू नका. डी म्हणजे डिजिटल. टी म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे जुना स्कॅनर तिथे मुका. आणि शेजारी ई असेल तर सांकेतिक. बारीक ई असेल तर अधूनमधून सांकेतिक, मोठं ई असेल तर कायमचं. मोठं ई दिसलं की ती ओळ सोडून द्या. कोणताही स्कॅनर ते उलगडू शकत नाही, उलगडायचा प्रयत्नही करायचा नसतो. अमेरिकेत अनेक शहरांच्या पोलिसांनी गेल्या काही वर्षांत आपले गट असे बंद केले आहेत. नातू जरा हिरमुसला. मी म्हटलं, अरे, अग्निशमन दल खुलं असलं तरी पुरे, ते लोक स्पष्ट बोलतात आणि कामाचं बोलतात.

पहिल्या यादीत दहाच टॉकग्रुप घाला. खरंच दहा. डिस्पॅच लिहिलेले आधी, कारण घटना तिथूनच सुरू होते: कुठे, काय, कोण निघालं. मग अग्निशमनाचे पुढचे दोन-तीन गट, डिस्पॅचनंतर बोलणं त्यांवर सरकतं. मग अँब्युलन्स. हवं तर रस्ते खातं, बर्फ पडलं की त्यांच्याइतकी करमणूक कोणाची नाही. कचरागाडी, पाण्याचे मीटर, तुरुंग हे सगळं यादीत दिसेल, मोह आवरा. मला जावयांनी चारशे टॉकग्रुपची यादी अभिमानाने दाखवली होती. ती यादी नव्हती, टेलिफोन डिरेक्टरी होती.

प्रत्येक टॉकग्रुपचं नाव स्वतःच्या भाषेत बदला. डेटाबेसमधली नावं खात्याच्या फायलीतल्यासारखी असतात. आम्ही स्कॅनरच्या पडद्यासाठी रोमन अक्षरांत 'आग १', 'आग २', 'गाडी' अशी ठेवली. पडद्याकडे अर्धा क्षण बघून कळलं पाहिजे, कोण बोलतंय.

यादी झाली की स्कॅनर यूएसबीने जोडायचा, मास स्टोरेज निवडायचं आणि सेंटिनलमधून 'राइट टू स्कॅनर'. मी इथून फेव्हरेट लिस्ट एक्स्पोर्ट करून मेलने पाठवली, लेकीने तिच्या लॅपटॉपवर ती उघडून स्कॅनरवर चढवली. चढवण्याआधी स्कॅनरवरचं जुनं सगळं एकदा लॅपटॉपवर ओढून घ्यायला मी तिला लावलं. सगळं बिघडलं तर मागे यायला वाट हवी.

पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर वाटेल आजींना सगळं एका फटक्यात जमलं. याद्या बरोबर, साइट बरोबर, आणि यंत्र गप्प. पाऊण तास व्हिडिओवर मी त्याला एकेक पडदा दाखवायला लावला. शेवटी कळलं, चिरंजीवांनी आधीच्या गोंधळात वैतागून अव्हॉइडचं बटण दणादण दाबलं होतं. हे बटण एकदा दाबलं तर तो चॅनल तात्पुरता वगळला जातो, झटपट दोनदा दाबलं तर कायमचा. त्याने माझ्या साइटलाच कायमचं घराबाहेर काढलं होतं! तेव्हा स्कॅनर गप्प बसला की सगळ्यात आधी वगळलेल्यांची यादी बघा. मग सर्व्हिस टाइप बघा: 'फायर डिस्पॅच', 'ईएमएस डिस्पॅच' (ईएमएस म्हणजे अँब्युलन्स सेवा) असे प्रकार बंद असतील तर त्या प्रकारचे गट यादीत असूनही वाजत नाहीत.

दुसरं दुखणं जास्त चिवट आहे. सिग्नलच्या कांड्या पूर्ण आणि आवाज मात्र डब्यात खडे हलवल्यासारखा. शहरी भागात बऱ्याचदा एकच संदेश अनेक टॉवरांवरून एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर सोडतात. त्याला सायमलकास्ट म्हणतात. दोन टॉवरांकडून निघालेला तोच सिग्नल सूक्ष्म अंतराने येऊन आदळतो आणि स्कॅनर गांगरतो. एसडीएसची जोडी मुळात या दुखण्यासाठीच बनवली आहे, जुने स्कॅनर इथे मार खातात. तरी घरात जागा बदलून बघण्याला पर्याय नाही. आणि इथे उलटं चालायचं: मोठी अँटेना लावली तर त्रास वाढू शकतो, कारण ती आणखी टॉवर गोळा करते. हवा आहे एकच टॉवर, बाकीचे फिके. त्यासाठी एका दिशेला रोखलेली यागी अँटेना लावतात, किंवा अगदी आखूड अँटेना, किंवा घराची भिंतच आड घेतात. आमचा स्कॅनर लेकीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला नीट वाजतो, आणि दोन हात सरकवून खिडकीत ठेवला की बोबडा होतो. खिडकीत चांगला लागायला हवा असं सगळ्यांनाच वाटतं.

अँटेनाचा हिशेब करायचाच असेल तर सोपा आहे. ८०० च्या पट्ट्यात टॉवरांची बाजू ८५१ ते ८६९ मेगाहर्ट्झ. तिथे तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर, तिचा पाव भाग नऊ सेंटिमीटरच्या आत. म्हणजे करंगळीपेक्षा जरा लांब तार पुरते. हातभर लांब अँटेना घेणाऱ्यांना तापकीर गल्लीतला कुठलाही दुकानदारसुद्धा तेच सांगेल, पण आधी विकून.

आठवडाभर दहा गट ऐका आणि वही ठेवा. खरी कागदाची वही, आमच्या तिकिटांसारखी: वेळ, टॉकग्रुप, काय होतं. घटनेचा तपशील नाही लिहायचा, फक्त 'डिस्पॅच, मग आग २ वर गेले' एवढं. चार दिवसांत कळतं की कोणत्या गटातून बोलणं कोणत्या गटात सरकतं. मग जे गट कधी वाजलेच नाहीत ते काढा. त्यानंतरच त्या यंत्रणेसाठी आयडी सर्च थोडा वेळ चालू करा. एरवीच्या आयडी स्कॅनमध्ये स्कॅनर फक्त तुमच्या यादीतले गट वाजवतो, आयडी सर्चमध्ये कंट्रोल चॅनलवर दिसेल तो प्रत्येक गट वाजवतो. यादीत नसलेला आकडा वारंवार दिसला तर टिपून घ्या आणि डेटाबेसमध्ये कोणाचा आहे ते बघा. नातवाला यातून एक रस्ते खात्याचा गट सापडला, त्याला वाटलं त्याने ग्रहच शोधला.

डिलेचं एक सेटिंग आहे, ते दोन सेकंदांवर असू द्या. शून्यावर ठेवलं तर प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर येण्याआधी स्कॅनर दुसरीकडे पळतो. कोणतीही एक घटना पूर्ण ऐकायची असेल तर तो गट वाजत असताना होल्ड दाबा. आणि रिप्लेचं बटण वापरायला शिका, आमच्यासारख्या कानांना अमेरिकन उच्चार पहिल्या फटक्यात कळत नाहीत. तिकडे होते तेव्हा मला 'स्ट्रक्चर फायर' कळायला चार वेळा ऐकावं लागलं.

डेटाबेसशिवाय, अगदी कोऱ्या पाटीने कंट्रोल चॅनल हुडकायचा असेल तर तेही जमतं. ८५१ ते ८६९ पट्टा हळूहळू शोधत जा. बहुतेक ठिकाणी शांतता असेल, मधेच एखाद्या जागी न थांबणारी गर्रगर्र लागेल. ती वारंवारता लिहून घ्या. तीच अशी सलग बोलत असेल आणि कधीच दम घेत नसेल तर ऑपरेटर सापडला. काही यंत्रणा तो अधूनमधून दुसऱ्या वारंवारतेवर हलवतात, म्हणून कालची गर्रगर्र आज गायब झाली तर घाबरू नका, निळ्या वारंवारता त्यासाठीच असतात.

यादीची प्रत दर दोन महिन्यांनी तारीख घालून ठेवा. टॉकग्रुप बदलतात, खुले गट बंद होतात, नवे टॉवर उभे राहतात, म्हणून आधी मास्टर डेटाबेस अपडेट, मग आपल्या यादीशी ताडून बघणं. नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा स्कॅनरचंही घड्याळ बदला, नाहीतर वहीतल्या वेळा आणि रेकॉर्डिंगच्या वेळा जुळत नाहीत. तेव्हापासून माझा साडेसातचा कॉल साडेआठवर जातो. चहा तोवर दुसरा झालेला असतो.